काचेआडची घंटा



या वेळचा विषय पाहून काहींना हसू येईल. किल्ले, लढाया आणि छावण्यांवर लिहिणारा माणूस आता भिंतीवरच्या लाल डबीवर लिहितोय. पण ही डबी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. ऑफिस, दवाखाना, मॉल, कॉलेज, कुठेही जिन्याजवळ ती असते. चौकोनी लाल डबी, मध्ये पातळ काच, कडेला साखळीला लटकलेली बोटभर हातोडी. काच फोडली की घंटा वाजते. घंटा वाजली की इमारत रिकामी होते आणि कुठेतरी बंब निघतो.

सध्या पोस्टिंग चरोद्याला आहे. मुंबई-हावडा रेल्वेमार्गावर दुर्ग आणि रायपूरच्या मध्ये, भिलाईला अगदी लागून हे गाव. कधी काळी हा सगळा छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली होता. आज चरोद्याची ओळख म्हणजे रेल्वेचं मोठं मार्शलिंग यार्ड. एका बाजूला पोलाद कारखाना, दुसऱ्या बाजूला मालगाड्यांचे रूळ, आणि मधल्या हवेत कायम थोडी धूळ. इथल्या एका इमारतीत आगीची घंटा वारंवार खोटी वाजायची. कधी कोणाचा तरी धक्का, कधी खोडसाळपणा, कधी नुसतीच धूळ. त्यावर झाकणं बसवायची ठरली आणि कोणती बसवायची हे ठरवणाऱ्या बोर्डावर माझं नाव आलं.

फौजेतल्या माणसाला बोर्ड ऑफ ऑफिसर्स म्हणजे काय ते सांगायला नको. तीन कोटेशन, एक तुलनात्मक तक्ता, खाली सह्या. पण तक्ता भरायच्या आधी थोडं वाचलं, आणि लक्षात आलं की 'घंटेवर झाकण कसं घालावं' हा प्रश्न पावणेदोनशे वर्षं जुना आहे. त्याचं चुकीचं उत्तर दिल्यामुळे एका शहराचा मोठा भाग जळालेला आहे. तीच हकिकत आज सांगतो.

बॉस्टनचं कुलूप

तार यंत्रणा नवी होती तेव्हा बॉस्टनमधल्या डॉ. विल्यम चॅनिंग यांच्या मनात आलं की तारेवरून निरोप जातो, तर आगीची वर्दीही जायला हवी. मोझेस फार्मर या तंत्रज्ञाच्या मदतीने त्यांनी ती कल्पना प्रत्यक्षात आणली. १८५२ च्या एप्रिलमध्ये बॉस्टन शहरात ही यंत्रणा सुरू झाली. रस्त्यांच्या कोपऱ्यांवर लोखंडी पेट्या बसवल्या. प्रत्येक पेटीला क्रमांक. पेटीतली कळ फिरवली की मुख्य ठाण्यात तो क्रमांक उमटायचा, आणि आग कोणत्या भागात लागली ते बंबवाल्यांना कळायचं. त्याआधी देवळाची घंटा बडवायची आणि धूर दिसेल तिकडे पळायचं, एवढाच मार्ग होता.

नव्या यंत्रणेबरोबर नवी डोकेदुखी आली. उघड्या रस्त्यावरची पेटी, जाता-येता कोणीही फिरवावी. शहराने सरळसोट उपाय केला : पेट्यांना कुलपं घातली. किल्ल्या पोलीस शिपाई आणि जवळपासच्या भरवशाच्या माणसांकडे. कागदावर यात खोट काढता येत नाही. भरवशाचा माणूस येईल, खात्री करेल, मगच घंटा वाजेल. खोट्या वर्दीचा बंदोबस्त झाला.

९ नोव्हेंबर १८७२, शनिवारची संध्याकाळ. बॉस्टनच्या व्यापारी पेठेत समर स्ट्रीटवरच्या एका वखारीला आग लागली. बंद बाजारपेठ, शनिवारची वेळ. लोकांनी ज्वाळा पाहिल्या, पण पेटीला कुलूप होतं आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात. वर्दी पोहोचायला सुमारे वीस मिनिटं उशीर झाला. शेवटी ती गेली ५२ क्रमांकाच्या पेटीवरून. त्या काळात घोड्यांमध्ये साथ पसरलेली होती, म्हणून बंब माणसांनी ओढत नेले. पाण्याचे नळही अपुरे होते. सगळा दोष एकट्या कुलपाला देता येणार नाही. पण आगीत पहिली मिनिटं सर्वांत स्वस्त असतात, आणि तीच बॉस्टनने किल्ली शोधण्यात घालवली. सुमारे ६५ एकरांचा भाग आणि पावणेआठशेच्या आसपास इमारती गेल्या.

ज्या शहराने जगाला आगीची तार दिली, त्याच शहरात त्या तारेच्या तोंडाला कुलूप होतं. खोटी वर्दी थांबवणारी वस्तू खऱ्या वर्दीलाही थांबवते, हे बॉस्टनला वीस वर्षांनी समजलं.

काच आली ती अशी

कुलूप काढायचं तर खोडकर हाताचं काय? पुढची काही दशकं पेट्या बनवणाऱ्यांनी या एकाच प्रश्नावर डोकं चालवलं. त्यातून निघालेली दोन उत्तरं आजपर्यंत टिकून आहेत.

पहिलं उत्तर काच. किल्ली पेटीवरच ठेवायची, पण छोट्या काचेआड. काच फोडा, किल्ली घ्या, उघडा. पुढे किल्लीही गेली आणि काचेआड थेट कळच आली. लंडनमध्ये १८८० पासून रस्त्यांवर आगीच्या वर्दीचे खांब उभे राहू लागले. त्यातही हेच तत्त्व : काच फोडायची आणि आतली मूठ ओढायची. काचेत अडवण्याची ताकद मुळीच नाही, लहान मूलही ती फोडेल. पण काच फुटते तेव्हा आवाज होतो, तुकडे पडतात, आणि 'चुकून हात लागला' असं म्हणायची सोय उरत नाही. काचेने खोट्या हाताला थांबवलं नाही, त्याला उघडं पाडलं.

दुसरं उत्तर आवाजाचं. अमेरिकेत काही पेट्यांची दारं अशी बनवली की दाराची मूठ फिरवली की आधी पेटीतलीच एक छोटी घंटा खणखणायची. बंबाची वर्दी त्यानंतर, आतली कळ ओढल्यावर. आवाज ऐकून रस्त्यावरचे चार लोक वळून बघायचे. खऱ्या माणसाला ते हवंच होतं, मदतीला माणसं आली तर बरंच. खोडकर मात्र तिथून पळायचा. किल्ली नाही, परवानगी नाही, फक्त चार डोळे.

या दोन्ही उपायांत एक समान गोष्ट आहे. खऱ्या हाताला त्यांनी एका क्षणापेक्षा जास्त खर्चात पाडलं नाही, आणि खोट्या हाताची लाज मात्र चव्हाट्यावर आणली. कुलपाचं गणित नेमकं उलटं होतं. वेळ घालवायचा तो खऱ्या माणसाने. खोडकराला तर घाई कधीच नसते.

मुंबईच्या गोदीतली एक काच

आता आपल्या मुंबईत येऊ. १४ एप्रिल १९४४. बिर्कनहेडहून निघून कराचीमार्गे आलेलं फोर्ट स्टिकिन हे जहाज दोन दिवसांपासून व्हिक्टोरिया गोदीत उभं होतं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं, आणि त्यांच्या जोडीला कापसाच्या हजारो गाठी. दारूगोळा हाताळलेल्या कोणालाही ही यादी वाचून घाम फुटेल. धोक्याचा माल असल्याची खूण म्हणून लाल निशाण लावायचा रिवाज, तेही जहाजावर नव्हतं.

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीतच शेजारच्या जहाजांवरच्या काही लोकांना धुराची रेघ दिसली होती. कोणी ती मनावर घेतली नाही. जेवून परत आलेल्या हमालांना दोन नंबरच्या खणात धूर दिसला तेव्हा धावपळ सुरू झाली. गोदीत ठेवलेल्या अग्निशमन तुकडीच्या प्रमुखाने आपल्या माणसाला टेलिफोनकडे पिटाळलं. प्रकरण गंभीर आहे, नेहमीपेक्षा जास्त बंब पाठवा, असा निरोप द्यायचा होता. या दिवसाच्या हकिकतीत पुढचा तपशील येतो तो असा : त्या टेलिफोनला डायलच नव्हती. मग त्या माणसाने हाताशी असलेला दुसरा मार्ग धरला. त्याने आगीच्या घंटेची काच फोडली. दोन वाजून सोळा मिनिटांनी नियंत्रण कक्षात वर्दी उमटली, आणि नेहमीच्या रिवाजाप्रमाणे दोन बंब निघाले.

त्या माणसाने केलं ते योग्यच होतं. पण काचेआडच्या घंटेला एकच शब्द येतो : 'आग.' किती मोठी, कशाला लागलेली, बाजूला काय आहे, हे तिला सांगता येत नाही. म्हणून तो एक शब्द ऐकणाऱ्याने पूर्ण गांभीर्याने घ्यावा लागतो, आणि जागेवर पोहोचून बाकीचं वाक्य स्वतः पुरं करावं लागतं. मुंबईच्या बंबवाल्यांनी ते केलं. मागाहून आणखी बंब आले, प्रमुख नॉर्मन कूम्ब्स स्वतः आले. खाली काय भरलंय हे कळल्यानंतरही माणसं नळ धरून उभी राहिली. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, चार चौतीसला दुसरा. शेकडो माणसं गेली. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात होते. त्यांची आठवण म्हणून १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. भायखळ्याच्या मुख्यालयात त्यांचं स्मारक आहे. मुंबईकर वाचकांनी एकदा तरी तिथे थांबावं.

खोट्या घंटेचा विचार करताना मला गोदीतली ती काच पुनःपुन्हा आठवते. समजा त्या महिन्यात त्याच गोदीतून रोज खोटी वर्दी येत असती, तर दोन सोळाला निघालेले बंब त्याच तडफेने निघाले असते का?

लांडगा आला रे आला

या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे लहान मुलांनाही माहीत आहे. लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या पोराची गोष्ट आपण सगळेच ऐकत वाढलो. फौजेत ती वेगळ्या रूपात भेटते. खडकवासल्याला रात्रीबेरात्री फॉल-इनची शिट्टी वाजायची. पहिल्या रात्री अख्खं स्क्वाड्रन जिन्यावरून उड्या मारत खाली. चौथ्या रात्री अर्धी मंडळी पांघरुणातून विचारायची, "खरंच आहे का रे?" माणूस आळशी नसतो. त्याचा मेंदू हिशेबी असतो. चार वेळा काही झालं नाही, तर पाचव्यांदाही होणार नाही असं तो गृहीत धरतो.

व्यक्तीचं जे होतं तेच संस्थेचंही होतं. लंडनचं अग्निशमन दल जगातल्या अनुभवी दलांपैकी एक. आपोआप वाजणाऱ्या घंटांमागे धावून ते इतकं थकलं की ऑक्टोबर २०२४ पासून बहुतेक व्यापारी इमारतींत दिवसा नुसती यंत्राची घंटा वाजली तर बंब पाठवायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. खरोखर आग असल्याचं कोणी माणसाने फोन करून सांगितलं, तरच बंब जाईल. ज्या लंडनने १८८० मध्ये रस्त्यावर काचेआडची घंटा बसवली, त्याच लंडनला आज घंटेपेक्षा माणसाच्या शब्दावर जास्त विसंबावं लागतंय.

आणि सर्वांत वाईट परिणाम इमारतीच्या आतच होतो. वारंवार खोटी वाजणारी घंटा एक दिवस कोणीतरी बंद करून ठेवतो. पॅनेलवरचं बटण दाबलं, कटकट संपली. मग भिंतीवर लाल डबी दिसते, काच असते, हातोडीही असते, फक्त मागे कोणी ऐकणारं नसतं.

याची किंमत ज्यांना पळता येत नाही त्यांना मोजावी लागते. चरोद्याहून याच रेल्वेमार्गाने पश्चिमेला निघालं की गोंदियानंतर भंडारा लागतं. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर तिथल्या जिल्हा रुग्णालयाच्या नवजात बालकांच्या कक्षात आग लागली. आत १७ बालकं होती. सात वाचली, दहा गेली. धूर दिसला तो ड्यूटीवरच्या परिचारिकेला. अशा ठिकाणी पहिल्या दोन मिनिटांना दुसरा पर्याय नसतो.

साखळी : आपला देशी धडा

खोट्या वर्दीचा विषय निघाला आणि रेल्वेची साखळी आठवली नाही, तर तो माणूस भारतीय नव्हे. चरोद्याला राहून तर ती विसरणं अशक्यच.

साखळीची रचना पाहण्यासारखी आहे. ती ओढली की डब्याच्या टोकाची एक झडप उघडते, ब्रेकच्या नळीतली हवा सुटते, आणि दाब उतरल्यामुळे गाडी थांबू लागते. त्याच वेळी डब्याच्या टोकाला लावलेली खूण फिरते, म्हणून कोणत्या डब्यातून साखळी ओढली हे गार्डला कळतं. तिथे जाऊन त्याने ती पूर्ववत केल्याशिवाय गाडी पुढे निघत नाही. कुलूप नाही, काच नाही. सहप्रवाशांचे डोळे, मागे उरणारी खूण आणि कायद्याची पाटी, हेच तिचं झाकण. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४१ प्रमाणे पुरेशा कारणाशिवाय साखळी ओढणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. तरी आपल्याकडे साखळी कशासाठी ओढली जाते ते सगळ्यांना ठाऊक आहे. गाव आलं, मामा मागे राहिले, चहा घ्यायचा राहिला.

पण खोटी वर्दी म्हणजे नुसता खोळंबा नव्हे. २२ जानेवारी २०२५ ची संध्याकाळ. लखनौहून मुंबईकडे निघालेली पुष्पक एक्स्प्रेस जळगाव जिल्ह्यात पाचोऱ्याजवळ होती. डब्यात आग लागल्याची अफवा उठली. साखळी ओढली गेली, गाडी थांबली, आणि घाबरलेले प्रवासी शेजारच्या रुळावर उतरले. समोरून बंगळुरूहून दिल्लीकडे जाणारी कर्नाटक एक्स्प्रेस येत होती. किमान १२ जणांचा जीव गेला. गाडीला आग लागलेलीच नव्हती.

खोट्या घंटेने माणूस मरत नाही, उगाच धावपळ होते एवढंच, असं कोणी म्हणालं की त्याला पाचोरा सांगावं. रिकामी करण्याची वाट ठरलेली नसेल, तर खोटी घंटाही खऱ्या आगीइतकीच घातक ठरते.

मग झाकण कोणतं?

एवढं वाचून झाल्यावर आमचा तुलनात्मक तक्ता एकदम सोपा झाला. १९८० च्या सुमारास अमेरिकेत शाळांतल्या पोरांनी खोट्या घंटा वाजवून जीव नकोसा केला, तेव्हा लाल डबीवर पारदर्शक प्लास्टिकचं झाकण आणि त्या झाकणातच बॅटरीवरचा भोंगा, अशी वस्तू बाजारात आली. झाकण उचललं की तिथेच कर्कश आवाज होतो. इमारतीची घंटा वाजत नाही. ती हवी असेल तर आतली काच दाबायची. दाराची मूठ फिरवली की खणखणणाऱ्या जुन्या पेटीचाच हा नातू. ब्रिटनच्या मानकात तर २०१७ पासून प्रत्येक डबीवर असं उचलायचं झाकण असावं अशी शिफारस आहे. मुद्दा असा की घंटा वाजवायला दोन वेगवेगळ्या कृती लागाव्यात : उचलणं आणि दाबणं. धक्क्याने एक कृती होते, दोन होत नाहीत.

आपल्या सोसायटीत, शाळेत किंवा युनिटमध्ये हे काम कोणाकडे आलं तर उपयोगी पडावं म्हणून आम्ही काय ठरवलं ते सांगतो.

जिथे सामान, ट्रॉल्या, बेडिंग-रोल यांची ने-आण होते आणि कोपर लागून काच फुटते, तिथे साधं बिजागरीचं पारदर्शक झाकण पुरतं. भोंगा नको. जिथे खोडसाळपणाची शक्यता आहे, म्हणजे तरुण पोरांचं वसतिगृह, सार्वजनिक कॉरिडॉर, प्रतीक्षागृह, तिथे भोंग्याचं झाकण. पण त्याच्या बॅटरीची तपासणी महिन्याच्या यादीत घालायची, नाहीतर सहा महिन्यांत ते मुकं होतं. बाहेरच्या भिंतीवर किंवा उघड्या व्हरांड्यात पाणी आणि धूळ आत न शिरू देणारं रबरी कडेचं झाकण हवं. छत्तीसगडचा पावसाळा आडवा येतो, आणि डबीत पाणी गेलं की रात्री दोनला ती स्वतःच वाजते.

छतावरच्या धूर ओळखणाऱ्या डिटेक्टरचा विषय वेगळा. बहुतेक डिटेक्टर आतल्या प्रकाशकिरणाच्या विखुरण्यावरून धूर ओळखतात, आणि त्यांना धूर, वाफ, बारीक धूळ आणि कोळ्याचं पिल्लू यांतला फरक नेहमीच कळतो असं नाही. रंगकाम, घासकाम, खोदकाम चालू असेल तेव्हा त्यावर प्लास्टिकची टोपी चढवतात. ते बरोबरच आहे. पण काम संपल्यावर ती टोपी काढायला कोणी जात नाही. आंधळा डिटेक्टर छतावर वर्षभर राहतो आणि खालचे सगळे निर्धास्त झोपतात. म्हणून टोपी चढवली की रजिस्टरमध्ये नोंद, आणि संध्याकाळी काढली की त्याच ओळीत सही. हत्यारं कोतात जमा केल्यासारखी टोप्यांची मोजदाद झाली पाहिजे. टोप्या चढलेल्या असतील तेवढा वेळ त्या भागात एक माणूस गस्तीवर.

स्वयंपाकघराला मात्र झाकणाने काही होणार नाही. मिरच्यांची फोडणी बसली की धुराचा डिटेक्टर वाजणारच, तो त्याचा धर्म आहे. तिथे उष्णता ओळखणारा डिटेक्टर लावायचा. चुकीच्या जागी लावलेल्या यंत्रावर झाकण घालणं म्हणजे रडणाऱ्या मुलाच्या तोंडावर हात ठेवणं.

आणि काही गोष्टी कुठेही चालणार नाहीत. कुलूप नको. किल्ली गार्डरूममध्ये नको. चिकटपट्टी नको. रंगवलेलं किंवा अपारदर्शक झाकण नको. दोन्ही हात लागतील असं झाकणही नको, कारण एका हातात मूल असू शकतं. धुरात डोळे चोळत आलेल्या, कधीही न पाहिलेली इमारत असलेल्या माणसाला ते तीन सेकंदांत उघडता आलं पाहिजे. आम्ही हे करून पाहिलं. इमारतीत नव्याने आलेल्या माणसांना एकेक करून उभं केलं आणि काहीही न सांगता म्हटलं, "आग लागली आहे, घंटा वाजवा." ज्या झाकणापाशी माणूस विचारात पडला, ते तक्त्यातून बाद. किंमत त्यानंतर पाहिली.

धावणाऱ्यांसाठी

जुन्या छावणीत आगीची घंटा म्हणजे फायर पॉइंटवर टांगलेला रुळाचा तुकडा. शेजारी वाळूच्या लाल बादल्या आणि बीटर. कोणीही लोखंडी दांडा उचलावा आणि बडवावं. तिच्यावर झाकण कधीच नव्हतं, आणि तरी ती खोटी वाजल्याचं फारसं ऐकिवात नाही. कारण आसपास पहारा असायचा, आणि बडवणाऱ्याला ठाऊक असायचं की आता सुभेदार साहेब धावत येणार आणि पहिला प्रश्न त्यालाच विचारणार. तिथे झाकणाचं काम माणूस करत होता. आजच्या इमारतीत तो माणूस नाही. ते काम आपण प्लास्टिककडून करून घेतो आहोत. करून घ्यावं, पण प्लास्टिक हे पहारेकऱ्याच्या जागी उभं आहे एवढं लक्षात ठेवावं. पहारेकऱ्याने विचारायचं, "कोण आहे?" वाट अडवायची नाही.

झाकण निवडताना माझ्या डोळ्यांसमोर शेवटी उभी राहतात ती घंटा ऐकून धावणारी माणसं. ३१ मे २०१६ च्या पहाटे वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या दारूगोळा भांडारात आग लागली. दोन अधिकारी आणि अग्निशमन दलाचे अनेक जवान तिथे गेले ते परत आले नाहीत. आपल्या वाचकांपैकी काहींनी त्या डेपोत नोकरी केलेली आहे, त्यांना मी काय सांगावं? मुंबईच्या गोदीत असो की पुलगावात, आगीकडे धावणाऱ्या माणसाचा घंटेवर विश्वास असतो. ती वाजली म्हणजे तिथे कोणाला तरी आपली गरज आहे, एवढ्याच भरवशावर तो पायात बूट सरकवतो. प्रत्येक खोटी घंटा त्याच्या त्या भरवशातून थोडंसं कापून घेते. दोनशे रुपयांचं झाकण तो भरवसा राखण्यासाठी असतं.

आपल्या इमारतीतली लाल डबी उद्या जाता-जाता एकदा बघा. काच शाबूत आहे का, समोर कपाट किंवा कुंडी सरकवलेली नाही ना, झाकण असेल तर एका हाताने उघडतं का. आणि सेक्रेटरीला किंवा क्वार्टरमास्टरला विचारा की छतावरच्या किती टोप्या रंगकामानंतर काढायच्या राहिल्या आहेत. उत्तर काय मिळालं ते मलाही कळवा.

जय हिंद.

चरोदा, जि. दुर्ग